अडीच इंची कॉलम पाईप: ४०० फुटी ट्यूबवेलला घ्यावा का?

रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात ट्यूबवेलची मोटर पूर्वी लोखंडी पाईपाला टांगायचे. आता दुकानात पाऊल टाकलं की समोर येतो तो यूपीव्हीसीचा, म्हणजे कडक प्लास्टिकचा, कॉलम पाईप. दुकानदार एकच प्रश्न विचारतो, "मोटर किती फुटावर सोडायची, भाऊ?" ४०० म्हटलं की हेवी क्लासचा, म्हणजे जाड भिंतीचा, गठ्ठा गाडीत चढतो. हा प्रश्न अर्धवट आहे. पाईपावर ओझं किती येणार हे मोटर किती खोल आहे यापेक्षा पाणी किती खोल आहे यावर जास्त ठरतं. केळीला सगळ्यात जास्त पाणी लागतं तेव्हा, म्हणजे एप्रिल-मे मध्ये, नेमकं पाणी खाली जातं आणि पाईपाची खरी परीक्षा तेव्हाच होते.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. नग १० फुटाचा, म्हणजे ३ मीटरचा. दोन्हीकडे चौकोनी आटे, एका टोकाला कपलर, कपलरच्या आत रबर रिंग, आणि जोड फिरून सुटू नये म्हणून लॉक वायर. मोटरीच्या डोक्यावर खालचा अ‍ॅडॅप्टर, बोअरच्या तोंडाशी वरचा. ज्या मापाचा हिशोब इथे दिलाय त्याचा बाहेरचा व्यास ७५ मिमी आणि आतला ६३ मिमी. क्लास बदलला की आतलं माप थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा कॅलिपर लावून आपल्या पाईपाचं माप घ्यावं. या मापाच्या एका नगाचं वजन साडेपाच किलो. पोटात पाणी मावतं ९.३५ लिटर. आणि पूर्ण बुडवला तर बाहेरच्या मापाने तो १३.२५ लिटर पाणी बाजूला सारतो.

हे तीन आकडे लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यातच आहे.

समजा ४०० फुटावर मोटर, म्हणजे ४० नग. पाणी ३०० फुटावर. मोटर-पंप १० एचपीचा, सहा इंची, वजन साधारण ११० किलो. तो पाण्यात बुडाला की त्याच्या धातूच्या आकाराएवढं पाणी बाजूला सारतो आणि १५ किलोने हलका होतो. राहिले ९५. पाण्याच्या वरचे ३० नग १६५ किलो. पाण्यातले १० नग मात्र फक्त १६ किलो भरतात, कारण पीव्हीसी पाण्याच्या जेमतेम १.४ पट जड. पाण्यात त्याचं बहुतेक वजन गळून पडतं. आता पाईपाच्या पोटातलं पाणी. बुडालेल्या भागातल्या पाण्याचं ओझं पाईपावर येतच नाही, बाहेरचं पाणी त्याला तोलून धरतं. ओझं येतं ते पातळीच्या वरच्या ३० नगांतल्या पाण्याचं: २८१ किलो. एकूण ५५७ किलो, आणि केबलचं वजन वेगळं. म्हणजे निम्मं ओझं मोटरीचंही नाही, पाईपाचंही नाही, टांगलेल्या पाण्याचं आहे.

मे मध्ये पातळी ३५० फुटावर गेली तर? मोटर तिथेच, पाईप तेवढेच. तरी ओझं ६६ किलोने वाढतं. पाणी १० फूट खाली गेलं की १३.२५ किलो, बरोबर तेवढंच जेवढं पाणी तो नग बाजूला सारत होता. आधार देणारं पाणी गेलं, आणि पोटातलं पाणी गळ्यात पडलं. एवढ्यावर थांबत नाही. ड्रिप चालू असताना सँड फिल्टरपाशी प्रेशर मीटरचा काटा २ किलोवर (दर चौरस सेंटिमीटरला) असेल तर तो दाबही पाईपाला खाली ओढतो: आतल्या ३१ चौरस सेंटिमीटर तोंडावर २ किलो, म्हणजे आणखी ६२ किलो. फिल्टर चोंदला, वॉल बंद राहिला, की हा आकडा दुप्पट-तिप्पट व्हायला वेळ लागत नाही. तेव्हा ५५७ चे मे महिन्यात ६८५ होतात, आणि कुणी काही बदललेलं नसतं.

इतकं ओझं हा पाईप पेलतो का? अंगाने आरामात पेलतो. भिंतीचा छेद १३ चौरस सेंटिमीटर, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ५३ किलो ताण येतो, आणि यूपीव्हीसी तुटायला साडेचारशेच्या पुढे लागतात. कॉलम पाईप मधोमध तुटला असं फारसं होत नाही. तो जातो आट्यात. ताण सगळ्यात जास्त वरच्या पाच-सहा जोडांवर असतो आणि तिथेच आटे कापले जातात, तेही बहुतेक वेळा वाकडा बसवलेला नाहीतर चेन पान्याने ओरबाडलेला जोड असेल तर. म्हणून दुकानात फुटांचा तक्ता पाहू नका, कॅटलॉगमध्ये सुरक्षित भार किलोत दिलेला असतो तो विचारा. आपला मे महिन्याचा आकडा काढा, आणि छापलेला भार त्याच्या किमान दीडपट असेल तोच क्लास घ्या. दुकानदार किलोचा आकडा दाखवत नसेल तर दुसरं दुकान बघा, जळगावात पाईपाच्या दुकानांना तोटा नाही.

आता उतरवताना. इथे या पाईपाचा एक गुण लोखंडाला सरावलेल्या फिटरला चकवतो. मोटर पाण्यात शिरली की पंपातून, एनआरव्हीतून (पाणी फक्त वर जाऊ देणाऱ्या झडपेतून) पाणी वर चढून पाईप भरत गेला पाहिजे. एनआरव्ही नवा आणि त्याची स्प्रिंग कडक असेल, किंवा जुना आणि चिकटलेला असेल, तर पाईप रिकामाच खाली जातो. रिकामा नग पाण्यात बुडाला की १३.२५ किलोचा रेटा वर, साडेपाच किलो वजन खाली. दर नगाला पावणेआठ किलो वर ढकलणारे. बारा नग असे रिकामे बुडाले की ९५ किलोची मोटर तोलली जाते. त्यापुढे पाण्यावर टांगलेल्या नगांचं वजनही तोललं गेलं की साखळी ढिली पडते आणि वरून आवाज येतो, "दादा, मोटर टेकली!" टेकलेली काहीच नसते, ती तरंगत असते. मग कुणीतरी दाबून, हलवून खाली घालायला बघतो आणि जोड तिरका होतो. लोखंडी पाईपात हे घडत नाही, त्याचं वजनच त्या रेट्यापेक्षा जास्त.

ओळखायचं कसं? पातळी आधी मोजलेली असेल तर सोपं आहे. पातळी १०० ला असताना मोटर २९५ च्या आसपास आली आणि साखळी हळूहळू ढिली पडली, तर तो तरंगण्याचा मामला. मोटर खरंच टेकली तर ढिली एकदम पडते, हळूहळू नाही. पाईपाच्या तोंडावर हात धरून पहा: हवा फुसफुसत बाहेर येत असेल तर पाईप भरतोय, दहा मिनिटं थांबा. हवाच येत नसेल तर एनआरव्ही अडकलाय, वर काढा. त्यापेक्षा उतरवण्याआधी एनआरव्ही हातात घेऊन खालून अंगठ्याने झडप उचलून बघायला अर्धा मिनिट लागतो. आणि पाणी लागल्यावर दोन नगांत थोडं थांबत उतरवलं तर ही वेळ सहसा येतच नाही.

मोटर काढताना हिशोब उलटा. एनआरव्ही चांगला असेल तर पाईप काठोकाठ भरलेला असतो, म्हणजे मघाचे ५५७ किलो पहिल्या झटक्यालाच उचलायचे. एक टनी चेन कुप्पी (साखळीची कप्पी) हे उचलते. याच मापाचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप असता तर १,१८० किलो झाले असते आणि दोन टनी लागली असती. पण एक गोष्ट माहीत नसली की मजूर घाबरतात: पहिले दहा नग काढेपर्यंत ओझं जवळजवळ कमीच होत नाही. वर आलेला नग काढता तेव्हा त्याच्या जागी खालून पाण्यातला नग बाहेर आलेला असतो; दहा नगांत फरक पडतो अवघा १६ किलोचा. नंतर मोटर पाण्याबाहेर येते तेव्हा १५ किलो उलट वाढतात, आणि तिथून पुढे मात्र दर नगाला पंधरा किलो उतरतात. ओझं याहून खूप जास्त लागत असेल, कुप्पी कुरकुरत असेल, तर थांबा. गाळाच्या जमिनीतल्या ट्यूबवेलमध्ये मोटर आणि केसिंगच्या (बोअरच्या भिंतीला लावलेल्या पाईपाच्या) मध्ये वाळू बसते. अशा वेळी कॉलम पाईपावर जोर लावला की आटे जातात आणि मोटर खाली राहते. सेफ्टी दोरीसकट दोन्ही सारखे ताणून, खाली-वर हलवत, वाळू सुटू द्यावी.

दोरीचं निघालंच तर: बाजारात मिळणारी स्वस्त पीपी दोरी पाण्यापेक्षा हलकी असते. बोअरमध्ये ढिली सोडली की ती वर तरंगून वेटोळी करते आणि काढताना केबलभोवती पीळ बसतो. नायलॉन बुडते. स्टीलची वायर दोरी सगळ्यात बरी.

काही फिटर एनआरव्हीच्या झडपेला चार मिमीचं भोक पाडतात, म्हणजे मोटर बंद झाल्यावर अर्ध्या तासात पाईप रिकामा होतो आणि काढायला सोपं जातं. हे करू नका. वर्षातून एखाद्या वेळी काढायच्या सोयीसाठी रोजचं नुकसान होतं. कारण पाईप भरला की तो लांबतो. २८१ किलो पाणी आणि ड्रिपचा दाब मिळून ४०० फुटात साधारण १० सेंटिमीटर, म्हणजे चार इंच. एनआरव्ही धरत असेल तर हे लांबणं बहुतेक एकदाच होतं. भोक पाडलं तर रोज प्रत्येक स्टार्टला चार इंच खाली, बंद झाला की चार इंच वर. आट्यांना थकवा येतो आणि केबल प्रत्येक पट्टीपाशी घासते. शिवाय रिकाम्या पाईपात पंप सुरुवातीला दाबाविना पळतो, इंपेलर (पंपातल्या फिरत्या चकत्या) वर उचलले जातात आणि वरच्या वॉशरवर घासतात. लाईट गेली आणि लगेच आली, पाणी अजून उतरतंय, पंप उलटा फिरतोय, अशात ऑटो स्टार्टरने मोटर चालू केली तर शाफ्टला जो झटका बसतो तो वेगळाच.

त्याच लांबण्यासाठी केबल ताणून बांधायची नाही. दर नगाला एक पट्टी, आणि दोन पट्ट्यांमध्ये बोटभर झोल. लोखंडावर केबल ताठ बांधायची सवय असलेला माणूस इथे चुकतो. मग सहा महिन्यांनी जोड ओढला जातो आणि मोटर 'अर्थ' दाखवते, म्हणजे करंट बाहेर गळतो.

गळतीचं गणित थोडं निराळं आहे. बऱ्याच जणांना वाटतं की तळाच्या नगावर सगळ्यात जास्त दाब, म्हणून तिथे जाड पाईप. आतून दाब खाली वाढत जातो हे खरं, ३३ फुटाला साधारण १ किलो. पण पाण्याच्या पातळीखाली बाहेरचा दाबही त्याच हिशोबाने वाढतो. त्यामुळे फरक पातळीपासून तळापर्यंत एकच राहतो: आपल्या उदाहरणात ९ किलो, वर ड्रिपचे २, एकूण ११. पातळीच्या वर तो कमी होत होत तोंडाशी २ वर येतो. म्हणून रबर रिंग कुठलीही हलकी पडली तर खालच्या दहा-बारा जोडांत पडते, आणि ती गळती वरून दिसत नाही, ऐकूही येत नाही. लक्षण एवढंच: मोटर बंद केल्यावर पाईपातलं पाणी पातळीपर्यंत उतरतं, पुढच्या स्टार्टला पाणी उशिरा येतं आणि आधी हवा थुंकते. एनआरव्ही गळत असला तरी हेच दिसतं. तेव्हा वर काढल्यावर दोन्ही तपासावे.

मोटरीवर आणि केबलच्या जोडावर मात्र दाब येतो तो फक्त वरच्या पाण्याचा. ३०० फुटावर पाणी असताना ४०० फुटातल्या मोटरीवर ३ किलो. पावसाळ्यानंतर पातळी २०० वर आली की ६ किलो. म्हणजे पाईपाला मे जड, केबलच्या जोडाला सप्टेंबर जड. उन्हाळाभर नीट चाललेली मोटर पाणी वाढल्यावर अर्थ देऊ लागली तर नशिबाला बोल लावण्याआधी जोड बघा. जोड केल्यावर बादलीत रात्रभर बुडवून सकाळी मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावावा. १ मेगाओहमच्या खाली आला तर मोटर सोडायची नाही.

मोटर स्वतः एवढ्या दाबाने चेपत नाही, कारण पाणीवाल्या मोटरीत आत पाणीच भरलेलं असतं आणि बुडाशी रबरी डायफ्राम आत-बाहेरचा दाब सारखा करतो. अट एकच, आत हवा राहता कामा नये. भरताना मोटर उभी धरून, स्वच्छ पाणी हळूहळू ओतून, थोडी हलवून, बुडबुडे थांबेपर्यंत दोन-तीनदा भरावी. अर्धी भरलेली मोटर खाली गेली की हवा आकसते, डायफ्राम पुरा आत ओढला जातो आणि बाकीची जागा भरायला सीलमधून गढूळ पाणी शिरतं. बेअरिंग जातं ते तिथून. मग दोष पाईपाला नाहीतर मोटरीच्या कंपनीला.

जोडताना काय टाळायचं ते थोडक्यात. आट्यांवर सफेदा, सुतळी, टेफ्लॉन काही नको. पाणी रिंग अडवते, आटे फक्त ओझं धरतात. रिंगेला साबणाचं पाणी चालतं, ग्रीस नाही, ते रबर फुगवतं. हाताने शेवटपर्यंत फिरवायचं, मग पट्टा पान्याने थोडं, आणि लॉक वायर विसरायची नाही. मोटर चालू होताना दर वेळी पाईपाला पीळ देते आणि लॉक नसलेला जोड स्टार्टागणिक थोडा थोडा उकलतो. आटे ब्रशने झाडून घ्या, तापीकाठची बारीक वाळू आट्यात राहिली तर ती कानशीच होते. शेजाऱ्याकडून दोन नग उसने आणत असाल तर कंपनी एकच आहे ना ते बघा, सगळ्यांचे आटे सारखे नसतात.

आणि ऊन. भुसावळ-जळगावच्या मे मध्ये पंचेचाळीसच्या उन्हात बांधावर टाकलेला नग हाताला चटका देतो, वाकतो आणि मऊ पडतो. तसाच जोडला तर आटे तिरके बसतात. निंबाच्या सावलीत सपाट ठेवा, काम सकाळी दहाच्या आत उरका. जमिनीवर येणारा तुकडा जीआयचाच असू द्या.

लोखंडापेक्षा वीज वाचते, हा विक्रेत्यांचा आवडता दावा. वाचते, पण सेकंदाला साडेतीन लिटर पाण्याला ४०० फुटांत घर्षणाने या पाईपात सुमारे ८ फूट हेड जातं, जुन्या जीआयमध्ये ११. तीन फुटांनी बिल काय उतरणार! लोखंड गंजून आतून बारीक झालं असेल तर फरक मोठा, नाहीतर नाही. खरा फायदा वजनाचा, आणि पातळी वर-खाली होते त्या पट्ट्यात लोखंडाला जो गंज लागतो तो इथे लागत नाही, याचा. तोटा असा की जीआय शेवटी भंगारात पैसे देतो, याला कोणी विचारत नाही. आणि मोटर वर्षात तीन-चारदा काढावी लागते अशा वाळू ओकणाऱ्या ट्यूबवेलला मी अजूनही जीआयच सुचवेन. इतक्या वेळा उघडझाक केली की प्लास्टिकचे आटे झिजतात.

साक्री, शिंदखेड्याकडे काळ्या पाषाणातल्या बोअरला दीड-दोन एचपीची मोटर असेल तर हा पाईप गरजेपेक्षा मोठा आहे. तिथे एचडीपीई (लवचीक प्लास्टिक) पाईपाची कॉइल बरी, जोडच नसतो. फक्त सगळं ओझं दोरीवर धरा, कॉइलवर नाही.

पातळी मोजायला काही यंत्र लागत नाही. बारीक दोन तारांची केबल, टोकं सोललेली आणि एकमेकांना न लागणारी, खाली एखादा नटबोल्ट वजनाला, वर मल्टिमीटर. पाण्याला टेकली की काटा हलतो. मार्चला एकदा, मे च्या शेवटी एकदा, सप्टेंबरला एकदा मोजून तारखेसकट स्टार्टरच्या पेटीच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवा. त्याच्याखाली नगांची संख्या, कंपनी, क्लास, आणि एनआरव्ही कधी बदलला ते. दोन वर्षांनी मोटर काढायला येणारा फिटर दुसराच असतो.